साळवेकाकांचं सातवं कारण

आमच्या चाळीत साळवेकाकांना ‘कसे आहात?’ असं कुणी विचारत नाही. नवीन माणूस विचारतो आणि फसतो.

“बरा आहे,” काका म्हणतात. “कारणं तीन.”

मग जिन्याच्या तोंडाशी त्या माणसाला उभं करून तिन्ही कारणं सांगतात. तिसरं संपलं की चष्म्यावरून बघत विचारतात, “आता तू कसा आहेस? बरा? कारण दे.”

दूधवाला उशिरा आला, कारण दे. रिक्षाचं भाडं वाढलं, कारण दे. पोर रडत असेल तर काका त्याच्या आईला काही बोलत नाहीत, पोरापुढेच उकिडवे बसतात आणि गंभीरपणे म्हणतात, “कारण दे.” गंमत अशी की पोर गप्प होतं. कारण आठवायला लागतं बिचारं. एकदा दोन दिवस नळाला पाणी नव्हतं, तेव्हा काका वॉर्ड ऑफिसात गेले. चाळीला वाटलं, तक्रार करायला गेले. काका कारण ऐकायला गेले होते. कुठल्याशा इंजिनियरने त्यांना नकाशा काढून कुठला पाइप कुठे फुटला ते समजावलं. काका “ठीक. पटलं,” म्हणून परत आले. पाणी तिसऱ्या दिवशी आलं, पण काकांचं समाधान दुसऱ्या दिवशीच झालं होतं.

पूर्ण नाव शांतवन साळवे. वय सदुसष्ट. मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दाराला लागून त्यांचं दार. चाळ सगळी कोकणातली. त्यात हे एकटेच नगरचे, एकटेच ख्रिस्ती, आणि एकटेच असे की माशाच्या कालवणात शेंगदाण्याचं कूट घालतात. धर्माचं चाळीने केव्हाच मनातून काढून टाकलं. कुटाचं अजून काढलेलं नाही.

काकांनी आयुष्य घालवलं गिरणीच्या घडीखात्यात. साच्यावर विणून झालेला कापडाचा तागा या खात्यात यायचा, आणि घडी पडण्याआधी तपासनीस तो उजेडात धरून दोष शोधायचा. तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ वीण. दोष सापडला की निळ्या खडूची फुली. काका हे तपासनीस. गिरणी कधीच गेली, तिच्या जागी काचेची इमारत उभी आहे. पण काकांच्या खिशातली धागे मोजायची काच गेली नाही. गणपतीच्या आधी बायका नव्या साड्या आणतात त्या काकांच्या दारावरून पिशवीच्या तळाशी लपवून नेतात. एकदा पावसकरांच्या सुनेने चुकून पैठणी दाखवली. काकांनी काच लावली आणि म्हणाले, “सुंदर आहे. पदरापासून चौथ्या बोटावर एक धागा चुकलाय.” ती सून आजही तो पदर चौथ्या बोटावर दुमडून घेते.

आता माझं. मी शैला परब. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी लाजत सांगत नाही. बाबा त्याच गिरणीत साचेवाले, म्हणजे साच्यावर कापड विणणारे. आई मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ काढायची. मी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाले. चाळ म्हणाली, त्यात नोकरी कसली लागते? विम्याच्या कचेरीत लागली, ती आजही आहे. लग्न केलं नाही. कारण साळवेकाकांना सांगून झालंय, परत सांगायची माझी तयारी नाही.

निकालानंतर बाबांनी पदवीच्या कागदाला सोनेरी चौकट करून गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगली. सगळी चाळ बघून गेली. काका काच घेऊन आले. पाच मिनिटं कागदावरून काच फिरवली. बाबा श्वास रोखून उभे.

“विद्यापीठाचा शिक्का जरासा तिरका बसलाय,” काका म्हणाले. “बाकी माल एक नंबर.”

त्या दिवसापासून मी त्यांची शैला राहिले नाही. “काय गं बी.ए.,” “ये बी.ए.,” “बी.ए., हे तर्कात बसतं का सांग.”

कारण काकांकडे ‘मी विश्वास का ठेवतो’ याचीही कारणं आहेत. सात. क्रमाने. रविवारी भायखळ्याच्या देवळातून उपासना करून आले (चर्चला ते देऊळच म्हणतात) की पांढरा सदरा न बदलता गॅलरीत खुर्ची टाकतात, आणि मी कपडे वाळत घालत असले की सुरू होतात. मी आयती सापडलेली सुशिक्षित.

एक मात्र आधीच सांगते. तुम्ही आमच्यात या, असं त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही कुणाला म्हटलेलं नाही. एकदा मीच विचारलं, तर म्हणाले, “तपासनीस माल तपासतो गं. विकायचं खातं वेगळं.”

पहिलं कारण गिरणीतलंच. “तागा हातात आला की मी कधी विचारलं नाही, हा आपोआप झाला का. विणणारा दिसत नव्हता, तो दोन खाती पलीकडे. पण वीण दिसत होती. एवढं मोठं जग, एवढी वीण, आणि साचेवाला नाही म्हणता?”

मी म्हणायची, “काका, साचा म्हणजे निसर्गाचे नियम. साचा चालतो. साचेवाला कशाला हवा?”

“तुझ्या बाबांना सांग हे,” काका म्हणाले. “साचेवाला कशाला हवा म्हणून.”

बाबा आत चहा पीत होते. त्यांनी बाहेर येऊन माझ्याकडे असं पाहिलं की पहिलं कारण मी त्या रविवारी मान्यच केलं.

दुसरं आणि पाचवं लांबलचक आहे, ते सोडते. तिसरं कारण ऐकून मी भडकले होते. काका म्हणाले, प्रभू येशू मेलेल्यातून उठला, रिकामी कबर आधी कुणी पाहिली? बायकांनी. आणि त्या काळी बायकांची साक्ष कुणी धरायचं नाही. मी म्हटलं, “म्हणजे बायकांवर कुणी विश्वास ठेवत नाही, हे तुमचं देवाचं कारण?”

“अगं ऐक की! गोष्ट रचायची असती तर साक्षीदार कोण घातले असते? गावचा पाटील, सावकार, दोन शिकलेली माणसं. ज्यांचं कुणी ऐकणार नाही अशा बायका कोण घालेल? ज्याला खोटं रचायचंय तो एवढी कच्ची वीण ठेवत नाही. जे घडलं तेच लिहिलं, म्हणून तसं लिहिलं.”

चौथंही त्याच थाटाचं. प्रभूच्या शिष्यांत जो सगळ्यांत पुढे, त्यानेच ऐन वेळी ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून तीनदा हात झटकले. “आणि हे शत्रूने नाही लिहिलं, त्यांच्याच माणसांनी लिहून ठेवलं. आपल्याच मुकादमाची फजिती कुणी लिहून ठेवतं का? आपल्या गिरणीत ठेवली होती कुणी?”

सहावं कारण त्यांना मिळालं गणपतीत. दरवर्षी दर्शनाच्या रांगा आमच्या गल्लीपर्यंत येतात आणि काका खाली पाण्याचा पिंप मांडून बसतात. ओगराळ्याने पाणी देत प्रत्येकाला विचारतात, “किती तास उभे? कारण दे.” कुणी म्हणतं नवस, कुणी म्हणतं पोराची परीक्षा. एका म्हातारीने पाणी प्यायलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “पाण्याला कारण लागतंय व्हय रं बाबा? तहान लागती.”

काका ओगराळं धरून तसेच उभे राहिले. वर येऊन मला म्हणाले, “बी.ए., सहावं मिळालं. पाणीच नसतं तर तहान लागली असती का? माणसाला देवाची तहान लागते. ज्याची तहान लागते ते कुठेतरी असणारच.” मी म्हटलं, “तर्कात पूर्ण बसत नाही.” काका म्हणाले, “म्हातारी बी.ए. नव्हती, बरं झालं.”

आणि सातवं? ते कधी सांगायचे नाहीत. “सातवं कृपेचं आहे. ते सांगून कळत नाही.” एवढंच.

कृपा म्हणजे काय, यावर मात्र तासभर बोलायचे. बाबांना त्यांनी द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट सांगितली होती. सकाळी सहाला कामावर आलेल्या मजुरांना मालकाने जेवढं दिलं, तेवढंच संध्याकाळी पाचला आलेल्यांना दिलं. बाबा लाल बावट्याचे. सगळं ऐकून म्हणाले, “युनियन नव्हती वाटता थंय.”

“दत्तारामभाऊ, आपण स्वतःला सकाळी सहाचे समजतो म्हणून राग येतो,” काका म्हणाले. “पाचला आला त्याला विचारा.”

“पाचाक इलो तो मुकादमाचो मेव्हणो असतलो,” बाबा म्हणाले. मग दोघं इतके हसले की काकांच्या बायकोने, सगुणामावशीने, आतून विचारलं, कारण काय म्हणून.

मला त्यांनी सांगितलेलं मात्र माझ्या लक्षात राहिलं. मी म्हटलं होतं, “कृपा म्हणजे दोष दिसत असून माल पास करायचा? त्याला आमच्या कचेरीत भ्रष्टाचार म्हणतात.”

“नाही नाही. दोष आहे, दिसतोय, फुली मारलीय. खोटं बोलायचं नाही. मग मालक स्वतः येतो. फुली मारलेला तागा उचलतो आणि म्हणतो, हा माझा. याचा सदरा शिवा, मी घालीन.” काकांनी सदऱ्याची बाही सरळ केली. “तागा बिचारा काय करणार? त्याने काहीच करायचं नाही. नुसतं घेतलं जायचं.”

आणि हाच माणूस कुणाकडून काही म्हणता काही घ्यायचा नाही!

हे वाटीचं प्रकरण आता सांगते, कारण सगळं त्यावर आहे. शेजारून पदार्थ आला की भांडं रिकामं परत करू नये, ही रीत आपल्या सगळ्यांची. काही नसेल तर चिमूटभर साखर घालून द्यावं. पण या रीतीला एक ऐसपैसपणा आहे. भांडं चार दिवस राहतं, महिना राहतं. पावसकरांचं एक पातेलं आमच्या मांडणीवर दोन वर्षं नांदतंय, आणि आमची परात त्यांच्याकडे. साळवेकाकांच्या घरात आमची वाटी एक तास टिकत नाही.

वाटी एकच. स्टीलची, कडेला बाबांचं नाव कोरलेली. आई तिच्यातून नारळाच्या गोड रसातले शिरवाळे पाठवते, खीर पाठवते, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं पाठवते. तासाच्या आत दारावर टकटक. सगुणामावशी होती तोवर वाटीत नानकटाई, शेंगांची पोळी असं काहीतरी असायचं. सहा वर्षांपूर्वी मावशी गेली. मूलबाळ नव्हतं. काका एकटे उरले, पण वाटी भरून येतच राहिली, आणि आता तिच्यात काय असेल याचा नेम राहिला नाही. उकडलेली दोन अंडी. सोललेला लसूण. पाच लिंबं. करोनाच्या टाळेबंदीत दुकानं बंद होती तेव्हा वाटी आली खडेमीठ भरून, आणि वर मधोमध, सजावट म्हणून, एक लवंग.

आई कपाळाला हात लावायची. “रीत आमची, पण भावजी रीतीचे बापूस झाले!”

एकदा मी काकांना सरळ विचारलं. मी स्पष्ट बोलते, ही माझी खोड आहे. “काका, मालकाने तागा उचलला की ताग्याने काहीच करायचं नाही, असं तुम्ही म्हणता. मग आईच्या खिरीच्या वाटीला तासाभरात उत्तर कशाला? कारण द्या.”

तर काकांनी पहिल्यांदाच कारण दिलं नाही. खुर्ची उचलली आणि आत गेले.

गेल्या वर्षी काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर घसरले. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरला त्यांनी हाड मोडण्याचं कारण विचारलं. डॉक्टर म्हणाला, “वय.” काकांना ते पटलं नाही.

आईने त्याच दिवशी जाहीर केलं, “दोन्ही वेळचा जेवण हयसून जातला.” वाटीबरोबर आता ताट, तांब्या, दोन डबे. आणि काकांची दैना सुरू झाली. डाव्या हाताने अंडं सोलता येईना. पहिल्या दिवशी गळ्यात हात बांधून खाली उतरले आणि केळी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी बिस्किटं. चौथ्या दिवशी वाटीतून जे लोणचं आलं ते आईने वास घेऊन ओळखलं. तिनेच मागच्या मे महिन्यात दिलेलं होतं. पाचव्या दिवशी ताट तसंच परत आलं. न जेवता.

आणि सहाव्या दिवशी काका दारात उभे राहून म्हणाले, “वहिनी, सोमवारी मी नगरला जातोय. तिकडच्या देवळाच्या पाळकांनी आमच्या वृद्धाश्रमात खोली बघितलीय. हात बरा झाला तरी आता तिकडेच. तुमच्यावर किती भार टाकायचा?”

पस्तीसएक वर्षांचा शेजार. आई गॅसपुढे पाठ करून उभी होती, वळलीच नाही. काका गेल्यावर मला म्हणाली, “माझ्या हातचा गोड नाय लागत त्येंका, तर तसा सांगूचा. गाव कित्याक सोडूचो?” आईचे डोळे मी बाबा गेल्यानंतर तसे पाहिले नव्हते.

शनिवारी दुपारी मी काकांच्या खोलीत गेले. एक ट्रंक भरून तयार. भिंतीवरून मावशीचा फोटो उतरवलेला. मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, “काका, नगरला का चाललात? कारण द्या. भार वगैरे नको, खरं कारण.”

काका प्लास्टरवरून बोट फिरवत म्हणाले, “तू चौथीत होतीस. त्या वर्षी तुम्ही गणपतीला गावी गेला नाहीत. आठवतं?”

आठवत होतं. कोकणातला माणूस गणपतीला गावी जात नाही म्हणजे काय, हे कोकणाबाहेर कळायचं नाही. पण मला ते वर्ष दुसऱ्याच कारणासाठी आठवत होतं. बाबा पंधरा दिवस घरी होते. मला वाटलं, सुट्टी. रोज दुपारी गॅलरीत बसवून त्यांनी माझ्याकडून पंचवीसपर्यंतचे पाढे करून घेतले होते. माझ्या लहानपणातले ते सगळ्यात चांगले पंधरा दिवस.

“सुट्टी नव्हती ती,” काका म्हणाले. “गिरणीने घरी बसवलं होतं. माझ्यामुळे. टेबलावर दोन तागे होते. एकाला वरपासून खालपर्यंत दोष. कुठला तागा कुणाचा, पास की नापास, अशी दोन्हींची चिठ्ठी मी लिहिली आणि लावताना चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. दत्तारामभाऊंचा तागा स्वच्छ होता, बी.ए. एक धागा चुकलेला नव्हता. मला संध्याकाळी कळलं. साहेबापुढे जाऊन सांगायचं होतं. मी नवा लागलेलो, नुकतं लग्न झालेलं. नाही गेलो.”

मी ट्रंकेवर बसले.

“दुसऱ्यांचे दोष शोधायची नोकरी माझी. आणि त्याच संध्याकाळी तुझ्या आईने शिरवाळ्याची वाटी पाठवली. पहिलीच. मी हातात घेतली तर वर त्यांचंच नाव. त्यांना बिचाऱ्यांना माहीत नाही म्हणून पाठवतायत, असं मनात आलं. सगुणाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता काहीतरी घालून परत दे. ती वाटी घरात असली की मला झोप यायची नाही. आता हाताने भरता येत नाही. रोज दोनदा ते नाव समोर येतं. मी कृपेवर बोलतो गं, आणि तुझ्या आईची वाटी फसवून घेतो. वहिनींना सांगू नकोस. मला जाऊ दे.”

तर हे कारण होतं. मी घरी आले. सांगू नकोस म्हणाले होते, पण मी स्पष्ट बोलते हे आधीच सांगितलंय. आई नारळ खवत होती. मी सगळं सांगितलं.

आई खवायची थांबली नाही. “ता माका ठावक आसा,” म्हणाली.

“काय ठाऊक आहे?”

“चिठ्ठी बदलल्यानी ता. तुझ्या बापाशीक आपलो तागो वळखाक येवचो नाय? त्याच दिवशी घराक येवन सांगल्यान. म्हणालो, मी बोललंय तर साळव्याची नोकरी जातली. मी पंधरा दिस घराक बसान, तो बसलो तर कायमचो बसतलो. नवो संसार आसा तेंचो.”

“आणि तू?”

“मी शिरवाळे केलंय.” आईने खवणी बाजूला सारली. “नवरो-बायको दोघांय घाबरी होवन बसली असतली, म्हणान एक वाटी तेंका धाडलंय.”

म्हणजे पहिली वाटी गेली ती काही माहीत नसताना गेली नव्हती. सगळं माहीत होतं, म्हणूनच गेली होती. फुली मारून झाली होती, आणि त्यानंतर बाबांनी तो तागा उचलला होता.

आईने पदर खोचला, वाटीत सोलकढी ओतली, आणि मावशी गेल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच स्वतः काकांच्या उंबऱ्याच्या आत गेली. मी मागे. काका गडबडून उठले.

“भावजी,” आई म्हणाली, “त्या चिठ्ठीचा माका पयल्या दिसापासून ठावक आसा. शैलाच्या बाबांकाय ठावक होता.”

काका खाली बसले. “दत्तारामभाऊंना... शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

“रोज माझ्याबरोबर चहा प्यायचे ते.”

“प्यायचेच. साखर जास्त घालतास म्हणान सांगायचे.”

“मग त्या वाट्या...” आयुष्यभर सगळ्या जगाला विचारलेला प्रश्न काकांनी माझ्या आईला तिच्याच बोलीत विचारला. “कित्याक, वहिनी?”

आईला प्रश्नच कळला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “कित्याक म्हणजे? कारण काय नाय. सोलकढी पिवा, फुटतली.”

वाटी त्यांच्या डाव्या हातात देऊन ती निघून आली. मी दारातून वळून पाहिलं. काका वाटीच्या कडेवर कोरलेल्या नावावर अंगठा ठेवून बसले होते. खिशातली काच त्यांनी काढली नाही.

एक तास झाला. दोन झाले. दारावर टकटक नाही. आई दोनदा दाराकडे बघून आली.

रविवारी सकाळी काका पांढरा सदरा घालून, एक बाही प्लास्टरवरून लोंबत, आमच्या दारात आले. भायखळ्याला निघाले होते. दाढी डाव्या हाताने केलेली, दोन ठिकाणी कापलेलं.

“पाळकांना फोन केला,” मला म्हणाले. “नगरला येत नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं.”

“मग?”

“म्हटलं, कारण काही नाही.” आणि त्यांनी वाटी पुढे केली. “हे घे. सातवं.”

मी वाटीत पाहिलं. घासलेली, पुसलेली. तळाशी माझाच चेहरा दिसत होता. मी मान वर केली तोवर काका जिना उतरायला लागले होते, कठड्याला धरून, एकेक पायरी. शेवटच्या पायरीवर थांबून तिच्याकडे त्यांनी जरा रागाने पाहिलं.

आतून आईने विचारलं, “काय दिल्यानी गो भावजींनी?”

“काही नाही, आई. रिकामीच आहे.”

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

“बरा झाला,” आई म्हणाली. “थंयच ठेव ती. दुपारी लागतली.”